आभार मानायचे नसतात

लिएपायाच्या दातांच्या दवाखान्यात
माझ्यापुढे अजून दोन माणसं होती,
तेव्हा खिडकीतल्या वेलीला मी नख लावलं.

वरून चंदेरी पट्टे, खालून जांभळं पोट.
तीन पेरांचा तुकडा.
हातमोज्यात सरकवला, हातमोजा खिशात,
आणि आत जाऊन आ वासून
छताकडे बघत पडलो, पकडलेल्या चोरासारखा.

आमच्याकडे म्हणतात, चोरलेली फांदी हटकून जगते.
आणि कुणी आपण होऊन दिली
तर घेणाऱ्यानं आभार मानायचे नसतात,
मुळं लाजतात, बाहेरच येत नाहीत.
वेल्टा हे फार गंभीरपणे सांगायची.
तिच्या हाताला गुण होता.
माझ्या हाताला चाळीस वर्षांचं लिफ्टचं ग्रीस.

ती गेली त्या हिवाळ्यात
तिच्या सगळ्या कुंड्या मी पाणी घालघालून मारल्या.
प्रेमानं, असं शेजाऱ्यांना सांगितलं.
खरं तर भीतीनं.

तर मोहरीची रिकामी बरणी घेतली.
चौथ्या मजल्यावरची दाग्निया, वय वर्षं बारा,
दारातूनच ओरडली,
"काका, खालचं पान काढा! पेर बुडलं पाहिजे, पान नाही!"
पेर बुडवलं.
दुपारी साडेतीनला अंधार पडतो इथे डिसेंबरात,
समुद्रावरचा वारा खिडकीच्या फटी चाचपत फिरतो.
मी बरणी हीटरपासून हातभर लांब ठेवली
आणि टेबलावरचा दिवा तिच्याकडे वळवला.
वर्तमानपत्र मग अंधारात वाचलं. म्हणजे नाहीच वाचलं.

दिवस पहिला, काही नाही.
चौथा, काही नाही. एक बुडबुडा.
सहाव्या दिवशी मी पाणी बदललं, आणि बदललं म्हणून घाबरलो.
नवव्या दिवशी, सकाळी, दाढी अर्धी झालेली,
पेराच्या बाजूला एक पांढरा ठिपका.
चष्मा पुसला. ठिपका होताच.
संध्याकाळपर्यंत त्याचा धागा झाला.

लोखंडी दोर तपासण्यात माझी हयात गेली.
एकेक पदर, एकेक तार, कुठे तुटली, कुठे गंजली,
आणि किती माणसं तो उचलेल, ते कागदावर लिहून सही.
एवढ्या बारीक तारेवर
एवढं मोठं काही लटकलेलं
मी पाहिलं नव्हतं.
कुणाला सांगावं कळेना.
बरणी घेऊन चपलांतच चौथ्या मजल्यावर गेलो,
जिन्यानं. लिफ्टवर त्या दिवशी विश्वास बसेना.

मार्चपर्यंत अकरा बरण्या.
एकीला नख लावलं की ती दोन ठिकाणी फुटते,
हे कळल्यावर माझं नख थांबेना.
जिन्यातल्या प्रत्येक खिडकीत एक.
टपालवालीला एक. ती आभार मानायला लागली,
मी दारच लावून घेतलं.
तिला वाटलं, म्हातारा सरकला.

एप्रिलात दुसरी दाढ.
दवाखान्याची खिडकी रिकामी.
नाताळच्या सुट्टीत हीटिंग बंद पडलं होतं,
काउंटरवरची बाई, इंगुना, सांगत होती,
वीस वर्षांची वेल होती हो, एका रात्रीत काळी पडली.
तिचे डोळे भरलेले नव्हते, पण आवाज किंचित घसरला.
मी दाढ तशीच ठेवली, ट्राम पकडली,
आणि सगळ्यात दाट कुंडी मांडीवर घेऊन परत आलो.

तिनं पान उलटून पाहिलं.
जांभळं पोट.
मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.
"पाल्दिएस" म्हणायला तिचे ओठ उघडले,
मी बोट माझ्या ओठांवर ठेवलं.
तीही इथलीच. गप्प बसली.

दाढेचे पैसे मात्र पुरते घेतले.
पावती होईपर्यंत उभा होतो.
काउंटरवर एक निवडुंग,
अंगाखांद्यावर चार पिल्लं घेऊन बसलेला.

आज नेमके पातळ हातमोजे आणले होते.