निरीक्षणाचा तास

फेब्रुवारी. डुलुथ. सरोवर काठापासून मैलभर गोठलेलं.
कॉलेजच्या तळघरातली खोली, हीटर दम्याच्या माणसासारखा,
आणि एका भिंतीत काच:
पलीकडे डॉ. पिन्स्की वही उघडून बसलेल्या.
मला त्या दिसत नाहीत, त्यांना मी दिसतो.
माझं तिसरं सत्र. प्रौढांना वाचायला कसं शिकवावं, यात मला पदवी हवी आहे.
हातात मिनिटामिनिटाची पाठयोजना
आणि घशाला कोरड.

समोर व्हर्लीन कांगस, वय एक्कावन्न.
सत्तावीस वर्षं कागद गिरणीत.
"जन्मभर कागद केला," ती म्हणते,
"त्यावर लोक काय लिहितात, ते बघायला सवड नव्हती."
गिरणी बंद पडली. आता तिला डायलिसिसचं यंत्र चालवायचंय,
त्यासाठी कॉलेज, कॉलेजसाठी परीक्षा,
परीक्षेत अडकलेल्यांसाठी ही खोली,
आणि खोलीत मी.

ती मूत्रपिंडावरचा परिच्छेद मोठ्यानं वाचते.
कुठे ठेच नाही. लांबलचक लॅटिन नावंसुद्धा
पायऱ्या उतरावी तशी सहज.
मी यादीतला चौथा प्रश्न विचारतो:
"यातला मुख्य मुद्दा कोणता?"

ती चष्मा काढते. पुसते. पुन्हा पुसते.
"नंबर बदललाय वाटतं माझा."

आणि मला सप्टेंबर आठवतो.
पहिल्याच तासाला पिन्स्कीबाईंनी आम्हाला एक पान दिलं होतं,
शिडाच्या जहाजाच्या दोरखंडांबद्दल.
शब्द सगळे ओळखीचे. कळलं ओ की ठो नाही.
अग्निशामक दलातून आलेला थेरॉन छताकडे बघत बसला.
मला विचारलं, मुख्य मुद्दा?
मी म्हणालो, "छपाई फार फिकट आहे."
कुणी हसलं नाही.
बाईंनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं, खाली तारीख,
आणि सफाईवाल्याला सांगितलं, हे पुसू नका.
नाताळपर्यंत मी त्याच्यासमोर बसत होतो.

मी पाठयोजना पालथी ठेवली.
काचेकडे पाहायचं नाही असं ठरवून
काचेकडे पाहिलं.
मग विचारलं, "कागद कसा करतात?"

आधी तिला वाटलं, मी चेष्टा करतोय.
मग हात बोलू लागले. लगदा म्हणजे बहुतेक पाणीच.
तो धावत्या जाळीवर सोडायचा,
पाणी खाली, तंतू वर.
"आणि ते पांढरं पाणी फेकायचं नाही हां,
ते परत घ्यायचं, नाहीतर मालक..."

ती थांबली.
पुस्तक तिनं स्वतः ओढून घेतलं.
ओठ न हलवता वाचलं, बोट ओळीखाली,
एक ओळ मागे जाऊन, पुन्हा पुढे.
"हा माणूस जाळीबद्दल बोलतोय!
मग सरळ जाळी म्हणायला काय झालं होतं याला?"
ती चिडली होती, लेखकावर.
अकरा मिनिटं भांडली त्याच्याशी.
"इथे कडेला लिहू? पुस्तक ग्रंथालयाचं आहे."
लिहा, मी म्हणालो.

नंतर बाईंच्या खोलीत, त्यांचा कागद माझ्यासमोर:
नियोजित उद्दिष्ट गाठलं नाही.
वेळेचं भान नाही.
मधली जागा कोरी.
"इथे मी लिहायचं विसरले," त्या म्हणाल्या,
पेन्सिलीला टोक काढलं,
"हे पांढरं पाणी परत घेऊन करतात काय?"

मला नीट सांगता येईना.
"गुरुवारी तिला विचारतो," मी म्हणालो.

गुरुवारी हृदयाचा परिच्छेद होता.
व्हर्लीननं तो न अडखळता वाचला
आणि चष्मा काढला.