वाट्याला आलेलं पान

एक आवाज कमी पडत होता.
पेटी वाजवणारीला हे कळतंच,
आणि आमची मंडळी ती केवढी,
तोंडं अठरा हलत होती, गळे सतरा.

तो मागे, दाराशी, चपलांजवळ बसलेला.
विजेच्या कारखान्यावर टर्बाइन बसवायला
वरोऱ्याकडे जे चिनी आले, त्यांतला एक.
आमच्या गीताची चाल त्याला ठाऊक होती, कुठून देव जाणे.
प्रत्येक ओळीला ओठ जागच्या जागी,
पण फुंकरीएवढाही सूर नाही.
"मुका हाय का जी हा?"
सुगंधाबाईनं भर उपासनेत विचारलं.

पुढच्या रविवारी कँटीनचा रोशन आला.
त्याच्या मोबाईलमधली बाई चिनीचं हिंदी करी,
रोशन हिंदीचं वऱ्हाडी,
आणि मधे जे सांडे ते हातवाऱ्यांनी भरायचं.
एवढं हाती लागलं:
आजोबा अकरा वर्षं दगडाच्या खाणीत.
प्रार्थनाघराचं धान्याचं गोदाम.
आजीनं रातोरात शास्त्राची शिवण उसवली
आणि शेजारणीला विरजण द्यावं तसं
घरोघरी एकेक पान दिलं.
पाठ करा, म्हणाली, मग चुलीत घाला.
गाणं फक्त ओठांवर. भिंतीला कान होते,
आणि ते कान सख्ख्या मामाचे होते.
असं गायला शिकलेला हा पोरगा.
आता मोठ्यानं गा म्हटलं
तर त्याला गळा कुठं असतो तेच सापडत नव्हतं.

"तुमच्या वाट्याला कोणतं पान आलं?"
पाळकबुवा उंदिरवाडे खुर्ची ओढून पुढे सरकले.
आंधळ्याच्या डोळ्यांचं असेल, वादळातल्या नावेचं असेल.
तो उभा राहिला. हात पाठीमागे बांधले, शाळेत बांधतात तसे.
आणि म्हणू लागला, दम न घेता,
टकटक, टकटक, पाट्यावर टाकी मारल्यासारखं.
बुवांनी डोळे मिटले. बोटं मोजू लागली.
मग एकदम हसले, आणि चष्मा पुसत बसले.
"वंशावळ हाय रे लेकहो.
निव्वळ नावं. याचा लेक तो, त्याचा लेक तो.
तीस वर्षं झाली, हे पान मी ओलांडूनच जातो."

आणि त्या घरानं ते जपलं होतं.
ना गोष्ट, ना दिलासा, नुसती नावं.
दिवा मालवून, गोधडीत तोंड घालून,
खाणीतल्या माणसाची वाट बघत,
याचा लेक तो, त्याचा लेक तो.

"आता किती जण आहात?" रोशननं विचारलं.
मोबाईलमधल्या बाईनं एक आकडा सांगितला.
त्यानं मान हलवली. दुसरा सांगितला. पुन्हा मान.
मोजणारे त्यांचे नव्हते,
आणि त्यांचे मोजत नव्हते.

"कुंदा म्हना ना मंग," सुगंधाबाई म्हणाली.
मोबाईलनं कुंद्याची फुलांची कुंडी केली.
तेव्हा तिनं त्याला हाताला धरून मागच्या वावरात नेलं,
खुरपं घातलं खोल, काळ्या मातीत,
आणि एक पांढरं, गाठीगाठीचं मूळ उपसून दाखवलं.
"नांगरलं का तुटते, बाप्पा. तुटलं का वाढते.
जितके तुकडे, तितके कुंदे.
माह्या सासऱ्याची जिनगानी गेली याच्या मागं."
रोशननं हे कसं पोचवलं माहीत नाही.
त्यानं मूळ हुंगलं. कडकन दोन तुकडे केले.
आणि खाली बसून, अंगठ्यानं दाबत,
एक तुकडा परत मातीत लावू लागला.
"अरे मेल्या, पेरतं काय!"
तिची किंकाळी पार नाल्यापलीकडे गेली.
आणि तो हसला. आवाज करून.
घोगरा होता, किंचित बेसूर.

चैतात टर्बाइन फिरलं, ते सगळे गेले.
नाव आम्ही छन लिहून ठेवलंय, बरोबर असेलच असं नाही.
बुवा आता ते पान वाचतात, वर्षातून एकदा, सबंध.
खरं सांगायचं तर लोकांना डुलक्या येतात.
मी पेटीवर हात ठेवून बसते, भाता न हलवता,
आणि दाराकडे बघत नाही असं म्हणणार नाही.
सुगंधाबाईचे ओठ तेवढे हलत असतात.
तिला अक्षर येत नाही.
सातव्या नावापर्यंत पोचलीय म्हणते.