ठोकून बघणे

उद्यमनगरात, बेअरिंगच्या दुकानावर दुसरा मजला.
जिन्याला ग्रीसचा वास
आणि दारावर नुसतं नाव : वैजयंती शिंत्रे.
खाली, काय करतात, ते लिहिलेलं नाही.

मेव्हण्यानं विचारलं, "कोच? क्रिकेटचा का?"
बायको म्हणाली, "पैसे मोजून ऐकवायला जातोस,
मी फुकट ऐकत नव्हते का?"
खरं होतं. सोळा वर्षं ऐकत होती.

मी शिरोलीला, फाउंड्रीत, क्वालिटीला.
अकरा वर्षं डेप्युटी.
व्हिजिटिंग कार्डांचा पहिला गठ्ठा अजून संपलेला नाही.
माझ्यामागनं आलेली दोन पोरं
आता मला मेलमधून 'अर्जंट' म्हणून कळवतात
आणि मी अर्जंट करतो.

पहिल्या दिवशी सगळं ओतलं :
प्लँट हेड, त्यांचा भाचा,
पुण्याची नाकारलेली नोकरी, आईचा गुडघा,
मीटिंगमध्ये इंग्रजीला अडखळणारी जीभ.
भट्टी रिकामी झाली.
बाईंनी एक शब्द खाली सांडू दिला नाही,
एकही उचलून परत दिला नाही.
आपल्याकडं कसं,
पत्ता विचारला तर माणूस गाडीवर मागं बसतो
आणि दारापर्यंत सोडून चहा पिऊन जातो.
ह्या बाई नुसत्या बसल्या.
खाली कुणीतरी लेथ सुरू केला, बंद केला.

आम्ही ओतलेला नग हातोडीनं ठोकून बघतो.
धड असला तर घुमतो, हाताला कळेल असा.
आत पोकळी असली तर बद्द.
वरून दोन्ही सारखेच,
रंग दिला तर सख्खे भाऊ.

तिसऱ्या खेपेला, मी भाच्यावर होतो अजून,
तेव्हा त्यांनी विचारलं, अगदी हळू,
"तुमच्यामुळं कोण अडकलंय?"

बद्द.

इरफान मुजावर.
ठिणगी बघून कार्बन सांगतो,
मशीन मागनं फक्त हो म्हणतं.
सहा वर्षं बढतीच्या यादीतनं त्याचं नाव मीच खोडतो,
मायेनं.
"तुझ्याशिवाय माझं पान हलत नाही," म्हणतो,
खांद्यावर थाप देतो, मिसळ खायला घालतो.
हे वाक्य माझं नव्हे.
दर एप्रिलला प्लँट हेड मला हेच म्हणतात,
ह्याच खांद्यावर.

त्या रात्री नागावला घरी जाताना
पंचगंगेच्या पुलावर पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या.
नेहमीसारखा मी ट्रॅक्टरवाल्याच्या नावानं सुरू झालो.
मागं हॉर्न वाजत होते. खूप वेळ वाजत असणार.
आरशात बघितलं :
दिव्यांची रांग, पार पुलाच्या पलीकडंपर्यंत,
आणि तिच्या सगळ्यात पुढं मी,
बाजूला सरकायला जागा असून.

सोमवारी रिजेक्शनचा लाल शिक्का
इरफानच्या टेबलावर ठेवला. किल्लीसकट.
त्याचा चेहरा उतरला.
"साहेब, काय चुकलं व्हय माझं?"

नाही रे, म्हणालो. यादीचंही सांगितलं.
सहा वर्षांचं सगळं नाही सांगितलं,
तेवढा अजून घट्ट झालो नाही.

मग त्यानं पहिला नग उचलला, ठोकला,
कान दिला आणि माझ्याकडं बघितलं.
"घालू का बाद?"
उत्तर जिभेवर होतं, गरम.
गिळलं.
"तुला काय वाटतं?"
त्याला वाटलं, साहेब चेष्टा करतायत.
हसला. मग थांबला. मग परत ठोकला.

माझ्या दारावरची पाटी तीच आहे.
बाईंच्या सात खेपा अजून बाकी आहेत,
दोन हप्तेही.
मी तिथंच बाजूला उभा होतो.
हात खिशात घातले,
शिक्का नसलेल्या खिशात,
आणि त्यांना आत काय करायचं ते कळेना.