शितावरून

महिन्याला सातशे मिळतात मला, कुंडाचा ताप बघायचे.
सकाळी सात, संध्याकाळी सहा.
काथ्याला बांधलेला थर्मामीटर
झऱ्याच्या तोंडाशी सोडायचा,
शंभरपर्यंत मोजायचं,
वहीत आकडा, खाली सही : मंजुळा येडगे.

पहिल्या पानावर नुसतं त्र्याऐंशी, त्र्याऐंशी, त्र्याऐंशी.
पाटणच्या बाजारात कशाचाच भाव इतका टिकत नाही.

मशीन तेव्हा अजून घाटातच अडकलं होतं.
मग पठारावर मनोरा उभा राहिला,
रात्रभर घरघर,
फळीवरची भांडी आपापसांत कुजबुजायला लागली.
भूकंपाची सवय आहे आम्हाला,
पण तो हादरवून निघून जातो.
हा मुक्कामाला आलेला.

नेर्लेकर मॅडम मनानं चांगल्या.
पोरीला भिंग दिलं, चहा बिनसाखरेचा घेतात.
म्हणाल्या, वाफ वर काढायची, चाक फिरवायचं,
पाणी निवलं की जमिनीला परत.
म्हणजे उसनं, मी म्हटलं.
हसल्या. हो, उसनंच.

धरणाच्या वेळी आमचं खालचं गाव नेलं, विजेसाठीच.
ते अजून परत यायचंय.

दिवाळीनंतर एक्क्याऐंशी.
संक्रांतीला अठ्ठ्याहत्तर.
मॅडम म्हणाल्या, यंदा पाऊसही कमी झाला,
घाईनं काही ठरवू नये.
खरं असेल.
पण पाटाच्या कडेचं शेवाळ बघा :
वर नारिंगी, पुढं पिवळं, पाणी निवतं तिथं हिरवं.
ते हिरवं महिन्याला वीतभर वर चढतंय.
गेटावरची पाटीही हिरवीच,
स्वच्छ ऊर्जा, पांढऱ्या अक्षरांत.

ठकू झोरे आकडे मानत नाही.
निम्म्या गावाच्या बाळंतिणी तिनं या पाण्यावर शेकल्या.
आज होळी.
नैवेद्याच्या तांदळाची पुरचुंडी तिनं झऱ्यात सोडली,
म्हसोबापर्यंत जाऊन आली, दरवर्षीसारखी,
वाटेत तंबाखू मळत.
फडकं सोडलं,
एक शीत बोटात दाबलं.
मधे कणी.

काही बोलली नाही.
गाठ मारली, पुन्हा पाण्यात सोडली,
आणि परत म्हसोबाकडे चालू लागली.

सहा वाजले.
मी आकडा लिहिला.
शेवटी शेरा म्हणून एक रकाना आहे,
आजवर कोराच ठेवत आले.
त्यात लिहिलं :
भात शिजायला दोन फेऱ्या.