रविवारी बाराच्या आत

चिठ्ठी फ्रिजवर आहे, माशाच्या चुंबकाखाली.
आइनारचं अक्षर, बंदरावर गाडीच्या बॉनेटवर
कागद ठेवून, हातमोजा न काढता लिहिलेलं:
ब्रॅकनला खेळव. काही झालं तरी ब्रॅकनलाच.
किकर बदलू नकोस.
सिंकखाली हीटर लाव, पाइप गोठतील.
तिन्ही सूचना एकाच वजनाच्या.

आता तो सुपिरियर सरोवरावर कुठेतरी,
जहाजाच्या पोटात साठ हजार टन लोखंडाच्या गोळ्या.
उद्या पहाटे सूच्या लॉकमध्ये जहाज खाली उतरेल,
तेव्हा फोन जिवंत होईल
आणि तोवर सगळं संपलेलं असेल.
इथे डुलुथमध्ये उणे चोवीस.
टॅबलेट लोणच्याच्या बरणीला टेकवून
मी त्याची फायनल खेळते आहे.

बारा वर्षं ही लीग मी
शेजाऱ्यांच्या कुत्र्यासारखी ऐकली:
भुंकतंय, भुंकू दे, आपलं नाही.
समोर स्किप पेट्रिच, गळाचं आमिष विकणारा.
काल मिनो माशांची पिशवी बांधताना म्हणाला,
"व्हर्ना, तू फक्त कशाला हात लावू नकोस
म्हणजे झालं."

मग काय, बसलेच.

शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं
चारशे पोरांचा अंदाज घेते मी.
कोण ताट पुसून खाणार, कोण टाकणार,
दारातून आत येतानाच कळतं.
ब्रॅकन: ऑक्टोबरात चोवीस गुण, एकतीस गुण.
मग नऊ. सहा. अकरा. चार.
मांडीचा स्नायू. नावापुढे तांबडं अक्षर,
म्हणजे खेळेलही, नाहीही.
बाकावर टॉलिव्हर, बाविशीतला,
थँक्सगिव्हिंगनंतर एकाएकी सुटलेला.

आइनार म्हणेल, हातचं सोडून
पळत्याच्या पाठी लागलीस.
अरे, पण इथे पळणाराच तर हवाय.

किकरचं सोपं होतं. त्याच्या गावी आज
पस्तीस मैलांचा वारा, उघडं मैदान.
मी छताखालचा एक घेतला.
वारा म्हटल्यावर आइनार वाद घालत नाही.

ब्रॅकनपाशी मात्र बोट अडलं.
बाकावरच्याचे गुणही दिसतात, पडद्यावर, करड्या रंगात.
त्याने तीनदा गोलरेषा ओलांडली तरी
बेरजेत येत नाहीत.
मला करडे गुण माहीत आहेत.
मार्च ते जानेवारी या घरातले बहुतेक
माझ्याच नावावर आहेत.

पण ते नव्हे.
ब्रॅकनला पाडलं की तो लगेच उठत नाही.
आधी एक गुडघा, मग हात जमिनीवर,
मग इकडेतिकडे बघतो, कुणी बघितलं का.
आइनार सोफ्यावरून म्हणतो, "बघ, उठला."
दर वेळी. जणू पैज लावली होती.
आणि खांद्याच्या ऑपरेशननंतर
आइनारही असाच उठतो, पलंगावरून,
माझी पाठ त्याच्याकडे आहे अशी खात्री करून.
जानेवारीत कंपनीची तपासणी आहे.
त्रेसष्टाव्या वर्षी शिडी चढता येते का,
हे एक डॉक्टर ठरवणार,
जो डॉक्टर मुलाच्या वयाचा आहे.

अकरा बावन्न. ब्रॅकनला बाकावर बसवलं.
अकरा चोपन्न. परत आत घेतलं.
कॉफी तापवली. प्यायले नाही.
पुलाचा भोंगा वाजला, एक लांब, दोन आखूड;
कुणाचं तरी जहाज, त्याचं नाही.

मी चुकले तर पुढची बारा वर्षं
स्किपच्या दुकानात ऐकेन.
बरोबर ठरले तर घरी
जेवणाच्या टेबलावर काय सांगू?
की तुझ्या माणसाकडे मी पोरांच्या रांगेसारखं बघितलं
आणि दारातच ओळखलं?

अकरा अठ्ठावन्न. टॉलिव्हर.
बारा वाजता प्रत्येक नावाशेजारी
बारीक कुलूप उमटलं.

मग उठले. चिठ्ठी काढली, पेन शोधलं,
आणि सर्वांत खालच्या ओळीसमोर लिहिलं:
लावला.