कुडी

सीबीएसजवळच्या कोर्टात मला तेवीस वर्षं झाली.
चोर पाहिले, सख्खे भाऊ पाहिले
वीतभर बांधासाठी कठड्याला टेकून म्हातारे झालेले.
हे नवीन आहे.

अशील ओजस तिदमे. वय एकवीस.
राहणार पवननगर, सिडको. चौघांत एक खोली,
चौघांत एक लॅपटॉप, हा माझा मुद्दा एक.
पासवर्ड भिंतीवर पेन्सिलने लिहिलेला,
गॅसवाल्याच्या नंबराखाली.
पंचनाम्यात भिंत नाही.

मुद्दा दोन: लॅपटॉप जप्त मंगळवारी, सील गुरुवारी.
मधला बुधवार तो कुणाच्या टेबलावर होता?
मुद्दा तीन: त्रेसष्टचं प्रमाणपत्र.
सही आहे, हॅश व्हॅल्यूची जागा कोरी.
एवढ्यावर जामीन होईल.
कदाचित एवढ्यावरच सगळं.

त्याची आई ब्लाउज शिवते. पदराला दोरे चिकटलेले तशीच आली,
म्हणाली, मॅडम, आमचं नाक कापलं गेलं.
मागच्या तारखेला जिन्यात
मुलीचे वडील फोनवर कुणाला हेच सांगत होते,
हेच शब्द, याच क्रमाने.
कारकून निकुंभ म्हणाला,
आपल्या गावाचं नावच त्यावरून पडलंय की.
नाक जिचं गेलं तिची फिर्याद कुणी घेतली, ते मात्र पोथीत सापडत नाही.
मी त्याला झेरॉक्सला पाठवलं.

मुलीचं नाव मी लिहीत नाही, कायदा लिहू देत नाही.
कागदावर ती 'पीडिता'.
नावावर काळी शाई, इतकी दाबून
की मागच्या पानाला भोक.
चेहऱ्यावर कुणी शाई ओतली नाही.
तो वर्गाच्या, मग कॉलेजच्या, मग
सातपूरच्या तिच्या मामाच्या फोनवर गेला.

मुद्दा चार रात्री लिहिला, ओट्याशी उभी राहून.
कलम म्हणतं, व्यक्तीच्या खासगी अवयवाची प्रतिमा.
पण मेहेरबान कोर्ट, हा अवयव तिचा नाहीच.
हा देह कुणाचाच नाही,
यंत्राने हजार देहांचा चुरा भिजवून मळलेला.
जो देह जन्मलाच नाही
त्याची अब्रू कशी जाईल?
मोठ्याने म्हणून पाहिलं. चांगलं जमलं होतं.
दूध तळाला लागलं.

मग पान चौदा पुन्हा उघडलं. उघडावंच लागतं, ते काम आहे.
झेरॉक्समध्येही दिसते
उजव्या कानात मोत्यांची कुडी, सातातला एक मोती गळलेला.
जबाबात आहे: गॅदरिंगसाठी मावशीकडून मागून आणलेली,
मोती आधीपासूनच नव्हता.
डावा कान केसांत होता, तो यंत्राने बनवला.
तिथे साती मोती आहेत.

सगळं उतरवलं त्याने, कुडी उतरवायची राहिली.
कुडी.
आपल्या भाषेला एका शब्दात दोन्ही सांगता येतं,
कलमाला येत नाही.

नाशिकरोडला जाळीपलीकडे ओजस.
तू केलंस का, हे मी विचारत नाही. कुणालाच नाही.
विचारलं, जेवतोस का.
म्हणाला, हो. मग बराच वेळ काही नाही.
मग, मॅडम, तिने ते स्वतः
पाहिलं असेल का हो?
वही उघडी होती. मी लिहिलं नाही.

उद्या सुनावणी. त्याच्या बाजूने कुणीतरी उभं राहायला हवं,
ती मी आहे, यात मला लाज नाही.
एक, दोन, तीन टाइप करून ठेवले.
चौथा अर्जातून काढला,
फाडला मात्र नाही.
साहेब तिसऱ्यालाही नाही म्हणाले तर
असावा म्हणून
कोटाच्या आतल्या खिशात आहे, चार घड्यांचा.
हात वर केला की टोचतो.