भाग दोन

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एकोणीस कॅसेटी.
दोघींची कव्हरं गेलेली, एका कव्हरात भलतीच,
आणि तळाशी पेन्सिल,
रीळ ओढून घ्यायची, सहा कोनांची, दातांच्या खुणांची.
जैबूनबी म्हणाली, "ने की.
पण पेन्सिल परत दे."

न्यू गुलाब बेंजो पार्टी, वडगाव, बेळगाव.
वरातीपुढं, गणपतीपुढं, उरुसात,
एका निवडणुकीत दोन्ही उमेदवारांपुढं.
बेंजोवर हसनसाब. ढोलकीवर निंगाप्पा.
खुळखुळ्याचं नाव कव्हरावर नाही.

रात्री मशीन लावते.
टेप फिरते, पडद्यावर हिरवी रेघ उठते, बसते,
झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी.
शेजारी तक्ता:
नाव. गाव. साल. भाषा.

साल विचारलं तर जैबूनबी सांगते,
"बळ्ळारी नाल्याचं पाणी मागात शिरलं बघ,
त्याच्या पुढच्या साली.
मुनीर मस्कतला जायच्या आदी."
मी लिहिते, अंदाजे.

भाषेच्या रकान्यात खाली उघडणारी यादी,
त्यातली एकच निवडायची.
या गावात पाट्यांना डांबर फासलेलं मी पाहिलंय,
शाळेतून लवकर सोडलेलं आठवतंय,
का सोडलं ते न सांगता.
हसनसाब घरात दखनी बोलायचा,
निंगाप्पाशी कन्नड, सुपारी ठरवताना मराठी,
आणि पैसे मोजताना पुन्हा कन्नड.
बेंजोला टाइपरायटरसारखी बटणं,
पण अक्षर एक उमटत नाही.
रकाना रिकामा सोडला.
पडदा लाल झाला: ही माहिती भरणं आवश्यक आहे.
एक टिंब दिलं.
टिंब चाललं त्याला.

सातव्या कॅसेटीत गाण्यामागं खटक्-खटक्.
मशीन विचारतं, गोंगाट काढू?
तो हुलबत्त्यांचा माग.
त्यांच्याच पडवीत रेकॉर्डिंग झालं,
मालक म्हणाला होता, वाजवा खुशाल,
पण शनिवारी साड्या द्यायच्यात, माग थांबणार नाही.
मी काढून बघितला.
ढोलकी लंगडायला लागली.
निंगाप्पा धोट्याच्या चालीवर वाजवत होता
आणि ते त्यालाही ठाऊक नसावं.
परत घातला.

बाराव्या कॅसेटीवर 'भाग १' लिहून खोडलेलं.
बेंजो अर्धी ओळ जातो, खट्,
आणि जैबूनबी. तरुण.
"मुनीर, खाना खाया क्या रे?
पानी खारा है बोलके लिख्या था तू."
मग कोंबडी. मग सायकलची घंटी.
मग लांबून हसनसाब, "बॅटरी जाती, बस कर."
मग चोवीस मिनिटं नुसतं घर.
कॅसेट मस्कतला जाऊन परत आली,
दुसऱ्या बाजूला मुनीरचा खोकला घेऊन.
वरातीची अख्खी बाजू खाली पुरली गेली.
ती श्वास घ्यायला थांबते तिथंच
कुठंतरी खोल, दोन गल्ल्या पलीकडून आल्यासारखा
बेंजो.

मी तिला ऐकवलं.
विचारलं, ही पण ठेवू का?
बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग म्हणाली, "ती कोंबडी चांगली होती गं.
रोज घालायची अंडं.
तेवढं कोंबडीचं ठेव."

खुळखुळा वाजवणारा माझा बाप.
डब्यात दोन मुठी हरभरे, वर पत्र्याची पट्टी.
सांगायचा, मी वाजवतोय ते कुणाला कळत नाही,
मी थांबलो की मात्र लोक नाचायचे थांबतात.
एकोणीस कॅसेटी कान लावून ऐकल्या.
टेपच्या खरखरीत आणि त्याच्या हरभऱ्यात
कुठं वेगळं करायचं, मला समजलं नाही.

'भाग २' उद्या लावायचाय.
रीळ सैल पडलंय.
पेन्सिल अजून माझ्याकडंच आहे.